संधी आहेत, पण पावसाळ्यात नाहीत

निकाल लागले की वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली दोन-तीन मुलं भेटायला येतात. प्रश्न ठरलेला असतो : ‘सर, पीएच.डी.ला विषय कोणता घेऊ?’ बहुतेकांचं मन कशातच गुंतलेलं नसतं, त्यांना उत्तर देणं सोपं जातं. पण मधूनच एखादी मुलगी अशी येते, की तिने दोन वर्षं गावच्या तळ्यातले नमुने वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून वाळवलेले असतात. लव्हाळ्यासारख्या दिसणाऱ्या दोन जाती ती फुलोऱ्यावरून वेगळ्या सांगते. तिला पाणथळ जागांतल्या वनस्पतींवरच काम करायचं असतं. आणि हाच विषय पंचवीस वर्षं शिकवत आलेला मी तिला म्हणतो, ‘औषधी वनस्पतींतलं काही बघ ना. अर्क काढायचे, रसायनं तपासायची, दोन पेपर लवकर होतात.’

सल्ला व्यवहाराचा आहे. तो देताना लाजही वाटते. असा सल्ला द्यायची वेळ का येते आणि ती कशी टळेल, एवढंच इथे मांडायचं आहे. कारण हा प्रश्न त्या मुलीच्या करिअरपुरता नाही. आपल्या तळ्यांत, धरणांत, खाजणांत काय करायचं याचे निर्णय रोज होत असतात आणि ते घेताना टेबलाभोवती पाण्यातल्या झाडोऱ्याची जाण असलेला एकही माणूस नसतो.

पाणथळ म्हटलं की आपल्याला पक्षी दिसतात. रोहित, चक्रवाक, करकोचे. छायाचित्रं त्यांची निघतात, महोत्सव त्यांचे होतात, नोंदीही त्यांच्याच होतात. पक्षी ज्या ताटात जेवतो ते ताट मात्र वनस्पतींचं असतं. उथळ तळ्याची तर गंमत अशी, की पोषणद्रव्यं तेवढीच असूनही ते दोन वेगवेगळ्या अवस्थांत राहू शकतं. एकीत पाणी नितळ आणि तळाशी हायड्रिला, व्हॅलिस्नेरियाची कुरणं. दुसरीत पाणी हिरवं-गढूळ, सगळीकडे सूक्ष्म शैवाल आणि तळ उघडा. पाण्याखालची वनस्पती गाळ धरून ठेवते, लाटा मंदावते, शैवाल खाणाऱ्या बारीक जीवांना आसरा देते, म्हणून पाणी नितळ राहतं. आणि पाणी नितळ राहतं म्हणून तिला ऊन मिळतं. हे चक्र एकदा तुटलं की नुसतं सांडपाणी थांबवून तळं पूर्वपदावर येत नाही. तळ्याच्या ‘सुशोभीकरणा’त काठ दगडाने बांधून काढतात, तळ खरवडतात, मधोमध कारंजं बसवतात. तेव्हा नेमकं काय तोडलं जातंय हे सांगणारा माणूस कंत्राटदाराकडे नसतो, हे समजण्यासारखं आहे. पण तो विद्यापीठाकडेही नसतो.

या अज्ञानाची किंमत काय असते, याचा धडा देशाला एकदा मिळालेला आहे. राजस्थानात भरतपूरचं केवलादेव १९८१ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि पुढच्या वर्षी तिथली चराई बंद करण्यात आली. आसपासच्या गावांच्या म्हशी पिढ्यानपिढ्या त्या पाण्यात उतरत होत्या. बंदीविरोधात लोक उठले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. त्या वेळी जाणत्या पक्षिप्रेमींचाही समज हाच होता, की म्हशी गेल्या म्हणजे पक्ष्यांचं भलं होणार. योगायोगाने १९८० पासून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा दहा वर्षांचा परिसंस्था-अभ्यास तिथे सुरू होता. म्हशी गेल्यावर पॅस्पॅलम डिस्टिकम नावाचं गवत पाण्यावर मोकाट पसरलं, उघडं पाणी आक्रसलं आणि त्या पाण्यावर जगणाऱ्या पक्ष्यांची संख्या घटली, हे त्या अभ्यासातून पुढे आलं. सायबेरियन क्रौंच लव्हाळवर्गी वनस्पतींचे कंद उकरून खात. गवताची दाट गादी त्यांनाही आड येऊ लागली. (हे क्रौंच २००२ नंतर भरतपूरला दिसलेले नाहीत. त्याची मुख्य कारणं त्यांच्या स्थलांतराच्या वाटेवर, दूरच्या देशांत आहेत. तो दोष गवतावर ढकलायला नको.)

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. हा निष्कर्ष निघाला कारण कुणीतरी तिथे दहा वर्षं तळ ठोकून होतं. दोन वर्षांच्या प्रकल्पात तो निघाला नसता. पहिल्या वर्षी गवत जरा वाढलेलं दिसलं असतं, दुसऱ्या वर्षी पाऊस कमी झाला म्हणून अर्थ लावता आला नसता, आणि तिसऱ्या वर्षी पैसे संपले असते. त्या दहा वर्षांचा खर्च वाचला असता तर आजही आपण म्हशींनाच दोष देत बसलो असतो.

आता इतक्या लांब राजस्थानात कशाला, आपल्या घरात येऊ. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. गोंड राजांच्या काळापासून, मुख्यतः कोहळी समाजाच्या कसबाने बांधले गेलेले हे तलाव सहा हजारांहून अधिक आहेत. १९५० च्या सुमारास मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, गेली, तलाव सरकारजमा झाले, देखभाल संपली. काठावर बेशरम नावाचं झुडूप माजलं, बाहेरून आणलेली मोठी मासळी सोडली गेली, आणि मासेमारी करणाऱ्या धिवर समाजाच्या जाळ्यात येणारे स्थानिक मासे कमी होत गेले. अर्जुनी-मोरगाव परिसरात ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ या संस्थेने धिवर मंडळींबरोबर या तलावांचं काम हाती घेतलं तेव्हा त्यांनी आधी बेशरम उपटली. मग तळ नांगरला आणि पाण्यातल्या वनस्पती आणून लावल्या. होय, लावल्या, भाताची रोवणी करतात तशा. पाण्याखाली हायड्रिला, सेरॅटोफायलम आणि व्हॅलिस्नेरिया, तरंगत्या पानांची निम्फॉइडिस, काठाच्या उथळात एलिओकॅरिस. कुठला मासा कुठल्या वनस्पतीच्या आडोशाने अंडी घालतो, कुठल्या खोलीवर काय रुजतं, हे धिवरांना माहीत होतं. रोवणीत महिलांचे गट पुढे होते. पुढे मासळी सुधारली आणि पक्षीही वाढले.

एम.एस्सी.च्या वर्गात मी ही गोष्ट सांगतो तेव्हा मुलं विचारतात, ‘सर, यात संशोधन काय राहिलं? त्यांनी तर करून दाखवलं.’ सगळं संशोधन तिथूनच सुरू होतं! लावलेल्या जातींपैकी पाच वर्षांनी कोणत्या टिकल्या? आपोआप कोणत्या आल्या? गाळातल्या जुन्या बियांतून किती आल्या आणि पक्ष्यांच्या पायांना चिकटून किती? शेजारच्या न नांगरलेल्या तलावाशी तुलना केली तर काय दिसतं? माशांच्या कोणत्या पिल्लांना कोणत्या वनस्पतीचा आसरा लागतो, हे धिवरांचं ज्ञान मोजमापाच्या भाषेत मांडता येईल का, आणि मांडताना त्यांचं नाव सहलेखक म्हणून लागेल का? एकेका तलावावर एकेक पीएच.डी. होईल. असे तलाव सहा हजार.

पण कायद्याच्या लेखी हे तलाव पाणथळ जागाच नाहीत. पाणथळ जागांच्या संवर्धनाचे २०१७ चे केंद्रीय नियम पाहा. सिंचनासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी, मत्स्यशेतीसाठी, मिठागरासाठी माणसाने बांधलेल्या जागा त्यांनी व्याख्येतूनच वगळल्या आहेत. नदीचं पात्र आणि भातखाचरंही वगळली आहेत. त्याच वेळी राज्याचं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय करारानुसार महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा) म्हणून २०२० साली मिरवलं गेलेलं नांदूर मध्यमेश्वर गोदावरीवरच्या बंधाऱ्यामागे गाळ साचून तयार झालेलं आहे! म्हणजे एका कागदावर बंधाऱ्यामागचं पाणी जागतिक महत्त्वाचं, आणि दुसऱ्या कागदावर तसंच पाणी म्हणजे निव्वळ सिंचनाची मालमत्ता. या विसंगतीवर वकील बोलतात, पक्षिमित्र बोलतात. वनस्पतींचे आकडे घेऊन कुणी बोललं, तर एखाद्या तलावाला पाणथळ म्हणायचं ते कशावरून, याला निकष तरी मिळेल.

कोकणच्या सड्यांची गत आणखी निराळी. जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडं पठार, सातबाऱ्यावर बहुधा ‘पोटखराबा’ असतो. पिकाखाली न येणारी, आकार (सारा) नसलेली जमीन. उन्हाळ्यात तो खरोखर भाजलेल्या तव्यासारखा दिसतो. पहिले दोन पाऊस झाले की त्याच तव्यावरच्या खळग्यांत पाणी साठतं आणि एखाद्या परातीएवढ्या डबक्यात पाच-सात जाती दाटीने उगवतात. गेंदाची पांढरी बटणं, सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे ठिपके, गवताच्या झुबक्यासारखा दिसणारा पण बी न धरता बीजाणूंवर वाढणारा आयसोएटिस. सह्याद्रीचंच नाव असलेला आयसोएटिस सह्याद्रिएन्सिस प्रा. महाबळे यांनी १९३८ साली शास्त्रजगतापुढे आणला. साताऱ्याच्या पठारांवरच्या वायतुऱ्याला, म्हणजे अपोनोजेटॉन सातारेन्सिसला, शास्त्रीय नाव मिळालं ते थेट १९८२ साली. शतकानुशतकं गुराख्यांच्या पायांखाली असलेली वनस्पती विज्ञानाला दिसायला इतका वेळ लागला. इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राने केलेल्या राष्ट्रीय पाणथळ नकाशात सव्वादोन हेक्टरांपेक्षा लहान पाणथळ म्हणजे नुसता एक ठिपका. परातीएवढ्या डबक्याला तोही मान नाही. उपग्रहाला जे दिसत नाही ते गुडघे टेकून बघावं लागतं. त्यासाठी गुडघे लागतात, तरुण लागतात, आणि पगारी लागतात.

आता मुख्य अडचण सांगतो. माझ्या मते ती पैशांच्याही आधीची आहे. ती वेळापत्रकाची आहे.

वायतुरा पहिल्या पावसाबरोबर कंदातून वर येतो आणि पाऊस ऐन भरात असतानाच फुलतो. त्याच आठवड्यांत आमचा विद्यार्थी प्रवेशाच्या याद्या बघत असतो, जातीचा दाखला, नॉन-क्रिमी लेयर आणि मायग्रेशन प्रमाणपत्राच्या मागे धावत असतो. गेंद ऑगस्ट-सप्टेंबरात. तेव्हा अंतर्गत चाचण्या. तळ्यांच्या काठचे लव्हाळे, रोटाला, लिंडर्निया वगैरे मंडळी पाणी ओसरताना, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तेव्हा सत्र परीक्षा आणि मग दिवाळी. नव्या शैक्षणिक धोरणाने एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात संशोधन प्रकल्प आणला, हे चांगलंच झालं. पण त्याचा मोठा भाग शेवटच्या सत्रात, म्हणजे जानेवारी ते एप्रिल. त्या काळात सड्यावर वाळलेल्या शेवाळाचे पापुद्रे असतात आणि तळ्यात भेगा. मग मुलगी काय करणार? प्रयोगशाळेत वर्षभर मिळणारी अडुळशाची पानं घेणार. आमच्याकडे पानांचे अर्क इतके का निघतात, याचं हे साधं स्पष्टीकरण आहे. त्यात हुशारीचा अभाव नाही, हंगामाचा आहे.

पीएच.डी.लाही हेच. प्रवेश परीक्षा, मुलाखत, मार्गदर्शकाचं वाटप, संशोधन समितीपुढे सादरीकरण, नोंदणीचं पत्र. यात एक पावसाळा सहज जातो, कधी दोन. नियमानुसार पीएच.डी. किमान तीन वर्षांची आणि कमाल सहा. प्रयोगशाळेतल्या माणसाला तीन वर्षं म्हणजे हजारावर दिवस. सड्यावरच्या माणसाला तीन वर्षं म्हणजे तीन पावसाळे, आणि त्यांतला एक कोरडा गेला तर दोन. हे गणित कुठल्याच समितीला कळत नाही, कारण समितीत बसलेल्यांच्या वनस्पती कुंडीत वाढतात.

पैशांबद्दल बोलायचं तर कागदावर अवस्था अगदीच वाईट नाही. जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, मिळालेल्याला २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडं. ग्रामीण घरातल्या मुलासाठी ही मोठी रक्कम आहे, आणि बापाला तोंड दाखवता येतं. पण ती मिळते नेट परीक्षेतून. सीएसआयआरच्या (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या) जीवशास्त्राच्या परीक्षेत तेरा घटक असतात, त्यांतला परिस्थितिकीचा (इकॉलॉजीचा) एक. रेणूजीवशास्त्राने पोट भरूनच या मुलाला चिखलात उतरायचं असतं. ‘गेट’ परीक्षेत परिस्थितिकी आणि उत्क्रांतीचा स्वतंत्र पेपर आहे हे तालुक्याच्या महाविद्यालयांत किती जणांना माहीत असतं, हा प्रश्न मी दरवर्षी वर्गात विचारतो. हात क्वचित वर येतो. ज्यांना जेआरएफ मिळत नाही त्यांच्यासाठी राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. त्यांनी अनेकांची पीएच.डी. शक्य केली, हे मोकळेपणाने म्हणायला हवं. पण त्याच अधिछात्रवृत्तीसाठी संशोधक विद्यार्थ्यांना आंदोलनाला बसावं लागतं, हेही आपण पाहिलं. पैसे उशिरा आले तर अर्क काढणारा महिनाभर थांबू शकतो. पावसाळा थांबत नाही.

सादिलवार खर्चाचंही तसंच. सीएसआयआरच्या अधिछात्रवृत्तीत तो वर्षाला २०,००० रुपये आहे. त्यात नावेच्या नांगरासाठी दोर, तळ खरवडायची जाळी, पाण्याच्या तपासण्या, महिन्यातून दोनदा नाव आणि नावाडी, एसटीचं भाडं आणि छत्र्या बसवायच्या. छत्र्या मी गमतीने म्हणत नाही. सड्यावरच्या वाऱ्यात एका पावसाळ्यात तीन मोडतात.

नेदरलँड्स आणि डेन्मार्कमध्ये पीएच.डी. करणारा हा विद्यापीठाचा पगारी नोकर असतो, पहिल्या देशात साधारण चार वर्षांसाठी, दुसऱ्यात तीन. तिथल्या नायमेखन, उट्रेख्ट, आरहूस या विद्यापीठांत पाणवनस्पतींच्या कामाची जुनी परंपरा आहे. आपली मुलं तिकडे जातात आणि जावंच. पीएच.डी.ची जागा जाहिरात देऊन भरली जाते, प्रश्न ठरलेला असतो, हंगाम धरून रुजू व्हायची तारीख ठरवता येते. आपण त्यांच्याएवढा पगार देऊ शकणार नाही. पण रुजू व्हायची तारीख मे महिन्यातली ठेवायला पैसे लागत नाहीत.

‘मार्गदर्शक आहेत कुठे?’ असं विचारतात. आहेत, थोडे आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पठारांच्या परिसंस्थेवर काम चालतं. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यातच आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात गेंद आणि वायतुऱ्याच्या कुळांवर मूलभूत वर्गीकरण झालं आहे. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे. गोव्याचं कुडचडेजवळचं नंदा तळं २०२२ साली रामसर यादीत आलं, त्यामुळे तिथेही दार किलकिलं झालंय. पण ओळखणारे हात कमी होत चाललेत. पाण्यातल्या वनस्पती वाळवल्या की चिखलाच्या कागदासारख्या दिसतात, फुलं सूक्ष्म, पानं पाण्याच्या खोलीप्रमाणे रूप बदलणारी. देशभरच्या पाणवनस्पती ओळखायला आम्ही अजूनही १९९६ साली आलेलं, झुरिचमधल्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाने लिहिलेलं पुस्तकच उघडतो. पुस्तक उत्तम आहे. पण तीन दशकांत आपल्याकडून त्याला पर्याय निघाला नाही, हे उत्तम नाही.

नोकरीचं काय, हा आक्षेप मी टाळणार नाही. पाणवनस्पतींवर पीएच.डी. केलेल्याला महाविद्यालयात जागा मिळेलच असं नाही. त्या जागा तर कुणालाच मिळत नाहीत. पण मागणी मुद्दाम निर्माण करता येते, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. खारफुटी. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांची तोड थांबवली, २०१२ साली वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला, मागोमाग प्रतिष्ठान, निधी, माणसं आली. २०२० साली पांढरी चिप्पी ‘राज्य कांदळवृक्ष’ झाली. त्याआधी खारफुटीकडे मुंबईकर कचरा टाकायची जागा म्हणूनच बघत होता. गोड्या पाण्यातल्या वनस्पतींचं कौतुक अजून फक्त कासच्या फुलांपुरतं, आणि तिथेही कुंपण घालावं की काढावं, चराई बंद झाल्याने फुलं वाढली की घटली, यावर वर्षानुवर्षं नुसती मतं. केवलादेवची गोष्ट छोट्या आकारात पुन्हा घडतेय, एवढाच फरक की इथे चराईबंदीच्या आधीपासून मोजत बसलेलं कुणी नव्हतं.

आणि पैसे नाहीत हे मला मान्य नाही. दरवर्षी नद्या आणि तळ्यांवर जलपर्णी पसरते, दरवर्षी निविदा निघते, यंत्रं येतात, ढीग काठावर टाकला जातो, पाऊस पडतो, ये रे माझ्या मागल्या. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या वनस्पतीचं बी गाळात पंधरा-वीस वर्षंही जिवंत राहू शकतं आणि सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद तिला खाऊ घालायला आपण बसलेलोच आहोत. कंत्राटदाराला पुढच्या वर्षीच्या कामाची हमी याहून पक्की कुठली? शेजारी मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यातल्या सारणीच्या सातपुडा जलाशयावर साल्व्हिनिया मोलेस्टा या तरंगत्या नेच्याने असंच आच्छादन घातलं होतं. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने त्यावर एक विशिष्ट सोंडकिडा सोडला आणि यंत्रांनी जे होत नव्हतं ते किड्याने केलं. हाच किडा १९८० च्या दशकात केरळातही वापरून झाला होता. जलपर्णीचे किडेही त्याच दशकात देशात आले. ते कुठे चालतात, कुठे हरतात, आपल्या हिवाळ्यात त्यांचं काय होतं, आच्छादन गेल्यावर खाली काय उगवतं, हे सगळे पदव्युत्तर संशोधनाचे प्रश्न आहेत. आणि त्यांचं गिऱ्हाईक तयार आहे : प्रत्येक महानगरपालिका.

तसंच गाळाचं. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत २०१७ पासून तलावांतला गाळ शेतावर जातोय. शेताला फायदा होतो, मी विरोधात नाही. पण त्या गाळाच्या वरच्या वीतभर थरात तलावाच्या वनस्पतींची बियाणं-पेढी असते. ती ट्रॉलीने उचलून शेतात टाकली की तिथे ती मरते आणि तलाव नव्याने कोऱ्या पाटीवर सुरू होतो. कोऱ्या पाटीवर पहिली अक्षरं बहुधा जलपर्णी आणि बेशरम लिहितात. उपसण्याआधी तलावाचा एक कोपरा तसाच राखून ठेवायचा का, किती राखायचा, कोणता, हे कुणीतरी मोजून सांगायला हवं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जलपर्णी काढण्याच्या आणि गाळ उपसण्याच्या प्रत्येक कामात शंभरातले दोन रुपये त्याच जागेच्या वनस्पती-अभ्यासाला बांधून द्या. हा पैसा संस्थांच्या इमारतींवर नको. जवळच्या महाविद्यालयातल्या संशोधक विद्यार्थ्याच्या पगारावर आणि नावेवर खर्च व्हावा. नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाण्याची खाडी ही तीन रामसर स्थळं, चार मालगुजारी तलाव, चार सडे, अशा दहा-बारा ठिकाणी वनस्पती मोजायच्या कायमच्या चौकटी आखा. विद्यार्थी बदलतील, चौकटी बदलू नका. पहिल्याने केलेल्या नोंदीवर दुसऱ्याने पुढची पाच वर्षं रचावीत. या जागांसाठी पीएच.डी.चे प्रवेश एप्रिलमध्ये पुरे करा. आणि एम.एस्सी.चा संशोधन प्रकल्प तिसऱ्या सत्रात, पावसात करायची मुभा द्या. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींना परिपत्रकाच्या कागदापलीकडे एक रुपयाही लागत नाही.

‘दोन टक्के बांधले की त्यांतही खाबूगिरी होईल, अहवालांची चळत वाढेल,’ असं माझे एक सहकारी म्हणतात. होईल. आत्ता शंभरातल्या शंभर टक्क्यांत होतेच, आणि त्यातून अहवालही निघत नाही.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीला मी नेहमीचा सल्ला दिला आणि तिने तो ऐकला नाही. जानेवारीत तळं आटलेलं. तिने तळाच्या भेगाळलेल्या चिखलाचे तुकडे खोलीप्रमाणे चिठ्ठ्या लावून आणले, विभागाच्या गच्चीवर प्लास्टिकच्या ट्रेमध्ये पसरले आणि वर बोटभर पाणी ठेवलं. तीन आठवड्यांत ट्रे हिरवे झाले. रोज मोजणी, रोज नोंद. पण रोपं दोन-तीन पानांवर असताना ओळखणं कठीण, फुलोरा आल्याशिवाय नाव ठरत नाही, आणि तोंडी परीक्षा मेच्या पहिल्या आठवड्यात. तिने प्रबंधात अकरा जातींपुढे ‘अनिश्चित’ लिहिलं. परीक्षकांनी त्याचे गुण कापले. जूनमध्ये ती एका औषध कंपनीत रुजू झाली. ट्रे गच्चीवरच राहिले, पावसाने भरले. जुलैच्या शेवटी शिपाई सांगत आला, की सर, त्या तिसऱ्या ट्रेत बारीक पांढरी फुलं आलीत, ठेवायचे का ट्रे की गच्ची मोकळी करायची?